ढगाळ रात्र, हिरवी कमान आणि पैसे परतीची हमी

गेल्या फेब्रुवारीत मी आणि माझी पत्नी उत्तर ध्रुवीय प्रकाश पाहण्यासाठी नॉर्वेतील ट्रोम्सो येथे गेलो होतो. तेथे झालेली फसवणूक अशाच प्रवासासाठी पैसे साठवणाऱ्या इतरांच्या वाट्याला येऊ नये, म्हणून हे लिहीत आहे.

रात्रीच्या सहलीचे माणशी 2,400 क्रोन, म्हणजे साधारण 20,000 रुपये, आम्ही सांगलीहूनच बँकेमार्फत आगाऊ पाठवले होते. आठ जणांची छोटी गाडी, सोबत छायाचित्रकार आणि प्रकाश दिसला नाही तर पूर्ण पैसे परत, असे लेखी आश्वासन होते. ट्रोम्सो ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्याच्या ऐन खाली असल्यामुळे केपी निर्देशांक (पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातील खळबळीचे 0 ते 9 असे मोजमाप) अवघा 2 असला तरी तेथे प्रकाश दिसू शकतो. मात्र तो 100 किलोमीटरच्या आसपास किंवा त्याहून उंच असतो आणि ढग त्याच्या कितीतरी खाली असतात. आभाळ भरून आले की निर्देशांकाला काही अर्थ उरत नाही. म्हणूनच प्रामाणिक वाटाडे निरभ्र आकाश शोधत दीड-दोनशे किलोमीटर गाडी नेतात, प्रसंगी सीमा ओलांडून फिनलंडमधील किल्पिसयार्वीपर्यंत जातात.

आम्हाला न्यायला आली ती चाळीसहून अधिक प्रवाशांची बस, आणि ती अर्ध्या तासातच एका खाडीकाठी थांबली. आभाळ इतके गच्च होते की एकही चांदणी दिसत नव्हती. उणे 14 अंशांच्या थंडीत माझ्या कॅमेऱ्याची बॅटरी लवकरच मान टाकून बसली. वाटाड्या सर्वांना सांगत होता, “डोळ्यांना दिसत नसले तरी कॅमेऱ्याला दिसते.”

हे वाक्य अर्धे खरे आहे, म्हणूनच ते पटते. अंधारात आपल्या डोळ्यांना रंग नीट कळत नाहीत. मंद ध्रुवीय प्रकाश राखाडी धुक्यासारखा वाटतो आणि दहा-पंधरा सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये तोच हिरवा उमटतो. पण गच्च ढगांच्या पलीकडचे कॅमेऱ्यालाही दिसत नाही. हे मला ठाऊक होते, तरी परक्या देशात चारचौघांत वाद घालण्याचा संकोच वाटला. एकेका जोडप्याला उभे करून, चेहऱ्यावर क्षणभर विजेरी मारून फोटो काढले गेले. कॅमेऱ्याचा पडदा कोणालाही दाखवला नाही. त्या फोटोंचे वेगळे 900 क्रोन मी कार्डने भरले.

दुसऱ्या दिवशी विमानतळावर फोटो आला. पत्नीची मरून शाल, तिच्या काठावरचे हिमाचे कणसुद्धा स्पष्ट; मागे मात्र चांदण्यांनी भरलेले आकाश आणि टोकाशी आकड्यासारखी मुडपलेली हिरवी कमान. शेजारी बसलेल्या, त्याच बसमधील नागपूरच्या जोडप्याने आपला फोटो उघडला, तर तीच कमान, तोच आकडा आणि त्याच्यावर त्याच जागी सप्तर्षी. त्यांचा फोटो आमच्यानंतर किमान अर्ध्या तासाने काढला होता. एवढ्या वेळात तारेसुद्धा सात-आठ अंश सरकतात, आणि ध्रुवीय प्रकाश तर पाहता पाहता आकार बदलतो.

पैसे परत मागितल्यावर उत्तर आले की, आपल्या फोटोत प्रकाश स्पष्ट दिसत असल्याने हमी पूर्ण झाली आहे. मला सर्वांत जास्त चीड याचीच आली. तो फोटो नुसता विकण्यासाठी नव्हता, आमचे पैसे अडवून ठेवण्यासाठी केलेला तो पुरावा होता.

म्हणून कळकळीने सांगतो, फोटो काढताक्षणी कॅमेऱ्याचा पडदा पाहायला मागा आणि वेळेची नोंद असलेली मूळ, संस्कार न केलेली फाइल मिळेल का, हे नोंदणीपूर्वीच लेखी विचारा. स्वतःचा फोन छोट्या तिवईवर लावून त्याच दिशेचा दहा सेकंदांचा एक फोटो घ्या. सुटी बॅटरी अंगाजवळच्या खिशात ठेवा. ढग असल्यास गाडी किती दूर नेणार, हेही आधी विचारा. आगाऊ रक्कम शक्यतो कार्डनेच भरा. आम्ही कार्डाच्या बँकेकडे दोन्ही फोटो शेजारी शेजारी जोडून तक्रार केली, तेव्हा दोन महिन्यांनी 900 क्रोन परत आले. बँकेमार्फत पाठवलेले 4,800 क्रोन अजून मिळालेले नाहीत.