छोट्या लॅपटॉपवर विंडोज की लिनक्स मिंट?

माझा ११ इंची लॅपटॉप, रॅम फक्त २ जीबी, ठाणे-वाशी लोकलमध्ये सीट मिळालीच तर मांडीवर उघडायचा, एवढंच त्याचं काम. विंडोज १० चा फुकट सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला कमीत कमी ४ जीबी रॅम, ६४ जीबी स्टोरेज, वर टीपीएम २.० ही सिक्युरिटी चिप पण लागते, म्हणजे विषयच कट. लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी टाकता येणारी ऑपरेटिंग सिस्टीम, तिचं एक्सएफसीई हे हलकं व्हर्जन २ जीबीवर चालतं, फुकट आहे, आणि इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरून आधी चालवून बघता येतं, वायफाय पकडतंय की नाही ते तिथेच कळतं. पण ब्राउझरमध्ये दहा टॅब उघडलेत तर मिंट पण रडणार हां. मराठी टायपिंग दोन्हीकडे जमतं. टॅली किंवा एक्सेलचे मॅक्रो लागत असतील तर मात्र विंडोजच, त्यासाठी जरा दमदार मशीन बघा.