साप्ताहिक भाजीवाटा की निवडून खरेदी: स्वयंपाकघराच्या बाजूने एक तुलना

हंगामाच्या सुरुवातीला शेतकऱ्याला ठरावीक रक्कम द्यायची आणि त्या बदल्यात दर आठवड्याला शेतात जे निघेल त्यातला आपला वाटा घरी आणायचा, ही पद्धत आता अनेक देशांत रुजली आहे. तिच्याविषयी बोलताना बहुधा ताजेपणा, शेतकऱ्याला मिळणारा आधार आणि पर्यावरण यांचीच चर्चा होते. हे मुद्दे खरे असले, तरी वाटा घ्यावा की नेहमीप्रमाणे भाजी निवडून विकत आणावी हे ज्याला ठरवायचे आहे, त्याचा निर्णय त्यांच्यावरून होऊ नये असे मला वाटते. वाटा घेणारे बरेच जण पहिल्याच हंगामात तो सोडतात ते भाजी वाईट असते म्हणून नव्हे, तर ती शिजवून संपवणे जमत नाही म्हणून. त्यामुळे येथे दोन्ही मार्ग मुख्यतः चुलीच्या बाजूने पाहिले आहेत.

व्यवहार कसा वेगळा आहे

निवडून खरेदी करताना आपण हातात आलेल्या भाजीचे पैसे देतो. शेतात कीड पडली किंवा पाऊस लांबला तर त्याची झळ आपल्याला फार तर वाढलेल्या भावाच्या रूपाने लागते, आणि तेव्हाही दुसरी भाजी घेण्याची मुभा असते. वाट्यात पैसे आधी दिलेले असतात, त्यामुळे पीक कमी आले तर टोपली हलकी होते आणि अमाप आले तर जड. जपानमध्ये १९७०च्या दशकात ‘तेइकेई’ या नावाने उत्पादक आणि ग्राहक यांच्या थेट भागीदारीची चळवळ उभी राहिली. तेथील सेंद्रिय शेती संघटनेने १९७८ मध्ये या भागीदारीची दहा तत्त्वे मांडली, आणि त्यांपैकी एक तत्त्व असे की उत्पादकाकडून आलेला सर्व माल ग्राहकाने स्वीकारावा व आपला आहार शक्य तितका त्यावर बेतावा. अमेरिकेत अशी पहिली शेते १९८६ मध्ये सुरू झाली, तर फ्रान्समध्ये ही चळवळ २००१ पासून वाढली. तपशील जागोजागी बदलले, पण आहार मालावर बेतण्याची ती अपेक्षा बहुतेक ठिकाणी टिकून आहे. आजचे काही शेतकरी अदलाबदलीची सोय देतात, तरी मूळ व्यवहार ‘पदरी पडले पवित्र झाले’ असाच आहे, हे पैसे भरण्यापूर्वी मनाशी पक्के असलेले बरे.

आधी पदार्थ की आधी भाजी

दोन्ही मार्गांतला सर्वांत मोठा फरक विचाराच्या क्रमाचा आहे. निवडून खरेदी करणारा आधी काय करायचे ते ठरवतो, त्याची यादी काढतो आणि तेवढेच आणतो. वाटा घेणाऱ्यापुढे आधी भाजी येऊन पडते आणि तिचे काय करायचे ते नंतर सुचावे लागते. पाककृती पाहून रांधणाऱ्याला हा उलटा क्रम जड जातो, कारण बहुतेक पाककृती विशिष्ट भाजी विशिष्ट प्रमाणात हाताशी आहे असे गृहीत धरतात. टोपलीत मात्र तीन गाजरे, अर्धा कोबी, कसल्याशा पाल्याची मोठी जुडी आणि नाव माहीत नसलेला एक कंद असा ऐवज असू शकतो.

यावर उपाय म्हणजे पदार्थ पाठ करण्याऐवजी पद्धती आत्मसात करणे. मोठ्या आचेवर थोड्या तेलात झटपट परतणे, ओव्हनमध्ये किंवा जाड बुडाच्या भांड्यात खरपूस भाजणे, कांदा व मसाल्यावर मंद शिजवणे, शिजवून घोटून सूप करणे आणि कच्चेच चिरून आंबट, तेल व मीठ लावणे, एवढ्या पाच वाटांनी जवळजवळ कोणतीही भाजी निकाली निघते. कोणती भाजी कोणत्या वाटेने न्यायची, हे तिच्यातले पाणी, तंतू आणि साखर यांवरून कळते. गाजर, बीट, रताळे, भोपळा यांच्यात साखर असल्यामुळे ती कोरड्या उष्णतेत भाजली की गोडी वाढते. पाणीदार फळभाज्या भाजताना भांड्यात दाटी केली तर त्या भाजल्या न जाता स्वतःच्याच वाफेत शिजून गळतात. कोबी आणि फ्लॉवर यांच्या कुळातल्या भाज्या बेताच्या शिजवल्या तर गोडसर लागतात आणि जास्त वेळ उकळल्या की गंधकाचा उग्र वास सोडतात. कोबी आवडत नाही म्हणणाऱ्यांपैकी अनेकांनी फक्त जास्त शिजलेला कोबी खाल्लेला असतो. हिरव्या पाल्यात आंबट पदार्थ सुरुवातीलाच घातला तर त्याचा हिरवा रंग जाऊन तो मळकट होतो, म्हणून लिंबू किंवा टोमॅटो शेवटी.

हे सारे निवडून खरेदी करणाऱ्यालाही उपयोगी आहे, परंतु त्याचे त्यावाचून अडत नाही. वाटा घेणाऱ्याचे अडते.

तोचतोपणा आणि अनोळखी भाजी

हंगामी शेतात विविधता वर्षभरात पसरलेली असते, एका आठवड्यात नव्हे. टोमॅटो लागले की सलग अनेक आठवडे टोमॅटोच येतात, आणि पालेभाज्यांचा काळ असला की टोपलीत हिरवळीखेरीज फारसे काही दिसत नाही. बाजारातली विविधता दूरच्या प्रदेशांतून आणि शीतगृहांतून आलेली असते, म्हणून ती बारमाही वाटते; एखाद्या घरात रोज वेगळी भाजी हा आग्रह असेल, तर बाजाराला पर्याय नाही.

याची दुसरी बाजू अशी की निवडण्याची मुभा असूनही माणूस बहुधा त्याच सात-आठ भाज्या घरी आणतो. वाट्यातून येणारी अनोळखी भाजी ही खरेदीच्या सवयीला बसलेली चांगली खीळ आहे. तिला कसे हाताळावे हे ठाऊक नसेल, तर लहान तुकडा कच्चा चाखून, मग थोड्या तेलमिठावर परतून पाहणे पुरते. कडू लागली तर तिला तेल, आंबट आणि थोडी गोडी यांची जोड द्यावी. तंतुमय असेल तर आडवी बारीक चिरावी. मात्र बी, देठ, पाने यांपैकी काय खाण्याजोगे आहे हे शेतकऱ्याला विचारल्याशिवाय धाडस करू नये. मुळा, बीट, नवलकोल यांचा पाला उत्तम खाता येतो आणि गाजराचाही चालतो, पण बटाट्याचा पाला विषारी असतो आणि रूबार्बचे फक्त देठ खायचे असतात, पाने नाहीत. घरात लहान मुले किंवा नव्या चवीला सरळ नकार देणारे कोणी असेल, तर अनोळखी भाजी ओळखीच्या पदार्थात एक तृतीयांशापेक्षा जास्त मिसळू नये, हा साधा नियम बरेच वाद टाळतो.

साठवण: खरा निकाल येथे लागतो

निवडून खरेदी करणारा आठवड्यातून दोनदा थोडी-थोडी भाजी आणू शकतो, त्यामुळे साठवणीचे शास्त्र त्याला फारसे लागत नाही. वाटा एकदम येतो, बहुधा मातीसकट येतो, आणि त्याला पुढचे सात दिवस पुरवायचे असते. म्हणून टोपली येईल त्या संध्याकाळी तास-दीड तास मोकळा आहे का, हा प्रश्न मी कोणालाही सर्वांत आधी विचारीन. ज्याच्याकडे तो वेळ नाही, त्याने शेतकऱ्याविषयी कितीही आस्था असली तरी वाटा घेऊ नये.

त्या वेळात करायचे काम अवघड नाही. मुळे, गाजरे, बीट यांचा पाला लगेच कापून वेगळा ठेवावा, कारण पाला जोडलेला राहिला तर तो कंदातले पाणी ओढून घेतो आणि कंद मऊ पडतो. पालेभाजी निवडून, धुतल्यास पूर्ण निथळून, कोरड्या कापडात गुंडाळून पिशवीत घालून फ्रीजच्या तळच्या कप्प्यात ठेवावी. तिला गारवा आणि ओलावा दोन्ही हवे असतात, परंतु पानांवर पाणी साचले की ती कुजते. याउलट वांगी, काकडी, भेंडी यांना कडक थंडी सोसत नाही. सुमारे १० अंश सेल्सिअसच्या खाली फार दिवस राहिल्यास त्यांच्यावर खड्डे आणि पाणचट डाग पडतात, त्यामुळे ती पहिल्या तीन-चार दिवसांतच संपवावीत. टोमॅटो फ्रीजमध्ये टिकतो पण त्याचा सुवास मंदावतो, म्हणून पूर्ण पिकेपर्यंत बाहेर ठेवावा. कांदे-बटाटे अंधारात, हवेशीर जागी, आणि शक्यतो एकमेकांपासून दूर.

भाज्यांचा शेजारही पाहावा लागतो. पिकणारे टोमॅटो, सफरचंद, केळी आणि खरबूज इथिलीन नावाचा वायू सोडतात; त्याने शेजारची पालेभाजी आणि ब्रोकोली पिवळी पडते, काकडी लवकर उतरते आणि गाजराला कडसर चव येते. फळे आणि भाज्या एकाच कप्प्यात कोंबण्याच्या सवयीमुळे वाया गेलेल्या भाजीचा दोष नाहक शेताला दिला जातो.

यानंतर खाण्याचा क्रम आपोआप ठरतो. पहिल्या दोन दिवसांत कोवळा पाला, मटार आणि मक्याची कणसे, कारण तोडल्यापासूनच मटार व मक्यातल्या साखरेचे पिठूळ पदार्थात रूपांतर सुरू होते. मग वांगी, काकडी, शेंगा. त्यानंतर फ्लॉवर आणि ब्रोकोली. शेवटी कोबी, गाजर, बीट. कडक सालीचा पक्व भोपळा न कापता कोरड्या, थंडसर जागी कित्येक आठवडे राहतो, तेव्हा त्याची घाई नको. बहुतेक घरांत नेमके याच्या उलट होते: ओळखीचे बटाटे-गाजर आधी संपतात आणि पाल्याची आठवण चौथ्या दिवशी येते.

उरलेल्याची सोय हाही वाट्याच्या स्वयंपाकाचाच भाग आहे. गोठवायची भाजी आधी उकळत्या पाण्यात थोडा वेळ बुडवून लगेच बर्फाच्या पाण्यात काढावी, म्हणजे तिचा रंग आणि चव बिघडवणारी विकरे निष्क्रिय होतात. फरसबीला सुमारे ३ मिनिटे, पालेभाजीला २ आणि मटाराला दीड मिनिट पुरते. त्यानंतर कोरडी करून उणे १८ अंशांवर ठेवली तर ती अनेक महिने चांगली राहते. कोबी, मुळा, गाजर मिठात आंबवता येतात. एक किलो चिरलेल्या कोबीला २० ग्रॅम मीठ चोळून, सुटलेल्या पाण्यात तो पूर्ण बुडालेला राहील असा दाबून ठेवला की दुग्धाम्ल तयार करणारे जिवाणू पुढचे काम करतात. मात्र फरसबी, बीट, मका यांसारख्या कमी आम्लाच्या भाज्या नुसत्या उकळून हवाबंद बाटल्यांत भरून बाहेर ठेवू नयेत. बोट्युलिझम घडवणाऱ्या जिवाणूचे बीजाणू १०० अंशांच्या उकळीने मरत नाहीत आणि त्या जिवाणूचे विष जीवघेणे असते. येथे हौस आवरलेलीच बरी.

ताजेपणा आणि खर्च

ताजेपणात वाटा सरस ठरतो, हे वादातीत म्हणावे लागेल. काढणीनंतर एक-दोन दिवसांत आलेला पाला आणि अनेक हात फिरून आलेला पाला यांत जीवनसत्त्व ‘क’ आणि चव दोन्हींचा फरक असतो. पण हा फायदा पहिल्या तीन दिवसांचा आहे. सहा दिवस फ्रीजमध्ये पडून राहिलेली वाट्यातली भाजी आज बाजारातून आणलेल्या भाजीपेक्षा ताजी नसते.

खर्चाचा हिशेब टोपलीच्या किमतीवर करू नये, ताटात पोहोचलेल्या भाजीवर करावा. टोपली वजनाच्या हिशेबाने स्वस्त असली तरी एक तृतीयांश फेकली जात असेल, तर ती महाग आहे. याच मापाने पाहता पाला, देठ, साली यांचाही वापर करणाऱ्या घराला वाटा बहुधा परवडतो. बाजारात दर खेपेला हौसेने जास्तीचे काही उचलण्याची सवय असेल, तर तोही खर्च तुलनेत धरावा.

कोणाला काय सोयीचे

घरी रोज दोन्ही वेळ किंवा निदान एक वेळ स्वयंपाक होत असेल, तीन-चार माणसे जेवणारी असतील, आणि रांधणाऱ्याला ‘आज काय आहे’ यावरून पदार्थ रचायला आवडत असेल, तर वाटा घ्यावा, असे मी स्पष्टपणे म्हणेन. एकटे राहणारे, सतत प्रवासात असणारे, आठवड्यात चार रात्री बाहेर जेवणारे आणि पथ्यामुळे मोजक्याच भाज्या चालणारे यांनी निवडून खरेदीच करावी. मूत्रपिंडाच्या काही विकारांत पोटॅशियमवर बंधन असते, तर रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनसारख्या औषधावर असलेल्यांना जीवनसत्त्व ‘के’चे प्रमाण एकसारखे राखावे लागते. अशा माणसांना एका आठवड्यात ढीगभर पाला आणि दुसऱ्या आठवड्यात काहीच नाही, हा वाट्याचा स्वभाव सोयीचा नाही.

मधल्या लोकांसाठी अर्धा वाटा हा चांगला मार्ग आहे. दोन घरांनी एक वाटा घेतला, तर जे एकाला नको ते दुसऱ्याकडे जाते. फक्त वाटणी भाजीनुसार करावी, आठवड्यानुसार नको, कारण एक आठवडा रिकामा आणि एक आठवडा दुप्पट असे झाले की साठवणीचा प्रश्न आणखी बिकट होतो. कांदे, बटाटे, लसूण, आले बाजारातून आणून कायम घरात ठेवावेत. टोपलीत काहीही आले तरी यांच्या आधारावर जेवण उभे राहते, आणि वाटा घेतला म्हणून बाजार पूर्ण बंद करण्याचा हट्ट धरण्यात अर्थ नाही.

पैसे भरण्यापूर्वी शेतकऱ्याला गेल्या हंगामातल्या टोपल्यांची आठवडावार यादी मागावी, आणि ती समोर ठेवून सर्वांत जड आठवड्याची भाजी आपल्या घरात कशी संपली असती हे कागदावर मांडून पाहावे. गावाला गेल्यास तो वाटा दुसऱ्याला देता येतो का, नको असलेली भाजी टोपली घेतानाच बदलता येते का आणि टोपली कोणत्या वारी मिळते, हेही तेव्हाच विचारून घ्यावे. वाराचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, परंतु ज्या संध्याकाळी आपण घरी सर्वांत उशिरा आणि दमून पोहोचतो तोच टोपलीचा वार असेल, तर दुसरा शेतकरी शोधावा.