जर्मनीत घर बघताय? ऊर्जा दाखला वापरावरचा आहे की हिशोबाचा, ते आधी बघा

जर्मनीत घर विकायचं किंवा भाड्याने द्यायचं तर मालकाला इमारतीचा ऊर्जा दाखला, म्हणजे ‘एनर्गीआउसवाइस’, घर दाखवतानाच समोर ठेवावा लागतो. करार झाला की त्याची प्रतही द्यावी लागते. टाळाटाळ केली तर 10,000 युरोपर्यंत दंड होऊ शकतो. दाखला 10 वर्षं चालतो आणि तो पूर्ण इमारतीचा असतो, त्यामुळे छताखालच्या कोपऱ्यातल्या फ्लॅटला आणि मधल्या उबदार फ्लॅटला आकडा एकच.

दाखले मात्र दोन जातींचे. दोन्हींवर ए प्लस (सगळ्यात चांगली श्रेणी) ते एच (सगळ्यात वाईट) अशी तीच रंगीत पट्टी असते, म्हणून बघणारा फसतो.

‘फरब्राउख्सआउसवाइस’, म्हणजे वापरावरचा दाखला, निघतो तो प्रत्यक्ष बिलांवरून. सलग किमान 36 महिन्यांचा इंधनवापर घेतात, हिवाळा सौम्य होता की कडक याची दुरुस्ती पिनकोडनुसार करतात आणि वर्षाच्या सरासरीला क्षेत्रफळाने भागतात. बहुधा शंभर युरोच्या आत काम होतं. ‘बेडार्फ्सआउसवाइस’मध्ये, म्हणजे हिशोबाच्या दाखल्यात, राहणाऱ्यांचा संबंधच नाही. भिंती, छत, खिडक्या, तळघर, बॉयलर यांची मापं घेऊन, ठरावीक तापमान धरून, घराला किती ऊर्जा लागेल याचा हिशोब मांडतात. त्याला काही शे युरो पडतात. एक गाडीने रस्त्यावर दिलेलं अ‍ॅव्हरेज, दुसरं कंपनीने सांगितलेलं.

मालकाला दरवेळी निवड करता येतेच असं नाही. नव्या इमारतीला हिशोबाचाच दाखला लागतो. पाचपेक्षा कमी घरं असलेल्या, 1 नोव्हेंबर 1977 पूर्वी बांधकाम अर्ज केलेल्या आणि 1977 च्या उष्णतारोधक नियमांपर्यंतही न पोचलेल्या जुन्या घरालाही तोच. अशा वयाच्या दुमजली घराला कोणी वापरावरचा दाखला दाखवला, तर इन्सुलेशन कधी आणि कुठे केलं याचे कागद मागा. वारसा यादीतल्या इमारतींना दाखल्यातून सूट आहे.

स्वतंत्र घर विकत घेताय, तर आमचं मत स्पष्ट आहे: हिशोबाचा दाखला मागा, वरचे पैसे स्वतः भरावे लागले तरी. एकट्या आजी दोनच खोल्या तापवून राहत असतील तर वापरावरचा आकडा गोंडस दिसतो. तिथे लहान मुलांचं चौकोनी कुटुंब राहायला आलं की बिल दुप्पट होऊ शकतं. वीस-तीस फ्लॅटच्या इमारतीत काटकसर करणारे आणि उधळे एकमेकांना सावरून घेतात, म्हणून भाड्याच्या फ्लॅटसाठी वापरावरचा दाखलाच जास्त उपयोगी. जोडीला त्या फ्लॅटचा मागच्या वर्षीचा ‘नेबेनकॉस्टन’चा, म्हणजे भाड्यावरच्या हीटिंग, पाणी वगैरे खर्चाचा, हिशोब बघायला मिळाला तर उत्तमच.

हिशोबाच्या दाखल्याचीही खोड आहे. भिंतीच्या आत काय आहे ते माहीत नसलं की बांधकामाच्या काळानुसार ठरलेली सरासरी मूल्यं वापरतात. मालकाने नंतर केलेलं छताचं इन्सुलेशन सांगितलंच नाही, तर घर विनाकारण जी किंवा एचमध्ये जातं. जुन्या घरांत हा आकडा प्रत्यक्ष वापरापेक्षा बहुधा चढाच येतो. म्हणून पहिल्या पानावरची एक छोटी चौकट जरूर बघा: माहिती मालकाने भरून दिली की दाखला देणाऱ्याने स्वतः गोळा केली, त्यावर खूण असते. बॉयलरचं वर्षही त्याच पानावर असतं. दुसऱ्या पानावर हिशोब, तिसऱ्यावर वापर, चौथ्यावर सुधारणांच्या शिफारशी. घर घेणाऱ्याने चौथं पान सोडू नये.

आता बिलाचा अंदाज, कारण इथे बहुतेकांचं चुकतं. दाखल्यातलं क्षेत्रफळ राहण्याच्या जागेचं नसतं, ते त्याहून मोठं धरतात: साधारण 1.2 पट, आणि तापवलेलं तळघर असलेल्या एक-दोन कुटुंबांच्या घराला 1.35 पट. म्हणजे 70 चौरस मीटरचा फ्लॅट हिशोबात 84 चा होतो. दाखल्यावर चौरस मीटरला वर्षाला 120 युनिट (किलोवॅट-तास) असेल तर 84 गुणिले 120, वर्षाला 10,080 युनिट. गॅस युनिटला 12 सेंटने धरला तर सुमारे 1,210 युरो. नुसत्या 70 ने गुणलं असतं तर 1,008 आले असते.

पाणी फ्लॅटमधल्याच विजेच्या गीझरवर तापत असेल, तर वापरावरच्या दाखल्यात त्यासाठी चौरस मीटरला सरसकट 20 युनिट मिळवतात. ते पैसे मात्र तुमच्या वीजबिलात जातात.

आणि श्रेणीवरून थेट खर्च काढू नका. श्रेणी ठरते युनिटवर, युनिट कशाचं आहे यावर नाही. विजेवर चालणाऱ्या हीट पंपाचं 40 युनिटचं घर ए श्रेणीत, गॅसचं 100 युनिटचं सी श्रेणीत. वीज 30 सेंट आणि गॅस 12 सेंट धरा: दोन्हीकडे चौरस मीटरला 12 युरोच.

दाखला तयार असेल तर त्याचा प्रकार, आकडा, इंधन, बांधकामाचं वर्ष आणि श्रेणी जाहिरातीतच छापावी लागते. ‘अजून काढायला दिलाय’ हे एजंटचं उत्तर जाहिरातीपुरतं चालतं. तुम्ही घर बघायला पोचलात की चालत नाही.