आमच्या पॅरिशचं प्रीस्कूल: तीन ते पाच वर्षांची मुलं तिथे नक्की काय शिकतात

इथल्या मराठी मैत्रिणी मला हमखास विचारतात की चर्चच्या प्रीस्कूलमध्ये मुलांना शिकवतात तरी काय, नुसती येशूची गाणी का अजून काही, आणि आपली मुलं घातली तर चालेल का. आमची लेक तीन वर्षांची झाल्यापासून किंडरगार्टनला जाईपर्यंत आमच्या पॅरिशच्याच, म्हणजे आमच्या भागातल्या चर्चच्याच, प्रीस्कूलला होती, न्यू जर्सीमध्ये. शाळेचं नाव टाकत नाही कारण खाली तक्रारीपण आहेत. आम्ही मूळचे वसईचे कॅथलिक, त्यामुळे मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना), प्रार्थना, नाताळ, उपवासकाळ (ईस्टरआधीचे चाळीस दिवस) हे सगळं घरातलंच, आणि म्हणूनच मी जरा जास्तच बारकाईने बघत होते की हे लोक एवढ्या लहान पोरांना देवाबद्दल सांगतात कसं.

आधी रोजचं सांगते. सकाळी गेल्यावर बॅग आपली आपण हुकला लावायची, जॅकेट स्वतः काढायचं आणि घरी जाताना स्वतःच घालायचं. त्यासाठी जॅकेट जमिनीवर पसरायचं, टोपीची बाजू आपल्या पायाशी, दोन्ही हात बाह्यांत घालायचे आणि डोक्यावरून मागे उलटवायचं, की झालं. थंडीत वर्गभर पोरं एकाच वेळी हे करत असतात आणि टीचर फक्त चेन लावायला मदत करते. मग सर्कल टाइम, आज वार कोणता, बाहेर ऊन का बर्फ, कोण आलं नाही. अक्षरं शिकवायला लाकडाचे चार प्रकारचे तुकडे असतात, मोठी रेघ, छोटी रेघ, मोठा बाक, छोटा बाक, आणि त्यातून मुलं कॅपिटल अक्षरं जुळवतात, म्हणजे एक मोठी रेघ आणि दोन छोटे बाक घेतले की बी झाला. पाटीवर टीचर खडूने अक्षर काढते, मूल ओल्या स्पंजच्या तुकड्याने ते गिरवत पुसतं, मग कोरड्या कागदाने गिरवतं आणि शेवटी स्वतः खडूने काढतं. पेन्सिल खूप उशिरा हातात येते आणि मला ते फार पटलं. कात्री, डिंक, रंग, वाळू, पाणी, शंभर दिवस शाळा भरली की शंभर वस्तू मोजून आणणे, हे सगळं कुठल्याही चांगल्या प्रीस्कूलला असतं तसं इथेही आहे, त्यावर जास्त लिहीत नाही. स्नॅकच्या आधी हात जोडून छोटी प्रार्थना आणि क्रॉसची खूण, हे रोज.

पण मला ज्याबद्दल खरं लिहायचंय ते म्हणजे एट्रियम. आठवड्यातून एकदा मुलं वर्गातून उठून ह्या वेगळ्या खोलीत जातात आणि तिथे जे चालतं त्याला कॅटेकेसिस ऑफ द गुड शेफर्ड, म्हणजे चांगल्या मेंढपाळाचं धर्मशिक्षण, म्हणतात. सगळ्या कॅथलिक प्रीस्कूलमध्ये हे नसतं, पण अमेरिकेत बऱ्याच पॅरिशमध्ये आहे. सुरुवात 1954 मध्ये रोमला झाली, सोफिया कॅव्हालेत्ती ह्या हिब्रू आणि बायबलच्या अभ्यासक आणि जियाना गोब्बी ह्या मॉन्टेसरी शिक्षिका, दोघींनी मिळून हे उभं केलं. तीन ते सहा वर्षं हा पहिला टप्पा.

त्या खोलीत पाऊल टाकलं की पहिल्यांदा जाणवतं ते म्हणजे सगळं मुलांच्या उंचीचं आहे. गुडघ्याएवढी वेदी, तिच्यावर पांढरा कपडा, छोटा कॅलिस (वाइनचा पेला), छोटी थाळी, मेणबत्त्या, क्रूस. बाजूला छोट्या स्टँडवर फादरांचे झगे टांगलेत, बाहुलीला होतील एवढे, जांभळा, पांढरा, हिरवा, लाल. जांभळा तयारीच्या काळाचा, पांढरा सणाचा, हिरवा वाढीचा आणि लाल पवित्र आत्म्याचा, म्हणजे तो शिष्यांवर उतरला त्या पेंटेकॉस्टच्या सणाचा. माझी लेक चार वर्षांची असताना रविवारी मिस्साला फादर बाहेर आले की मला हळूच सांगायची, मम्मा आज हिरवा. वसईत आम्ही रविवारी धर्मशिक्षणाला जायचो तेव्हा प्रश्न आणि उत्तरं पाठ करायचो, आणि ती उत्तरं मला आजही येतात, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण झग्याचा रंग का बदलतो हे मला खूप मोठी झाल्यावर कळलं आणि हिला चौथ्या वर्षी कळलं, कारण तिने तो झगा हातात घेतलाय, घडी घातलाय, परत टांगलाय.

सुरुवातीचे बरेच आठवडे तर देवाचं नावही फारसं निघत नाही. राजमा एका छोट्या भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतायचा, मग तेच पाण्याने, सांडलं तर स्पंज कुठे आहे ते माहीत असतं. पितळेची वस्तू घासून चकचकीत करायची, फुलांचे देठ कापून छोट्या बाटलीत लावायचे, रुमालाची घडी. पालकांना एक दिवस बसून बघू देतात, तेव्हा एक मुलगा अर्धा तास फक्त पाणी ओतत होता आणि कोणीही त्याला चल आता दुसरं कर म्हणून सांगितलं नाही. नंतर कळतं की हे सगळं कशासाठी, कारण पुढे तोच मुलगा त्याच हातांनी छोट्या कॅलिसमध्ये वाइन ओततो आणि त्यात पाण्याचे दोनचार थेंब टाकतो, मिस्सामध्ये फादर टाकतात तसे, आणि एक थेंबही बाहेर जात नाही.

गुड शेफर्डची गोष्ट, म्हणजे योहानच्या शुभवर्तमानातला दहावा अध्याय, ती सांगायची पद्धत मला सगळ्यात जास्त आवडली. हिरव्या गोल पाटावर लाकडी कुंपण, दहाएक चपटी लाकडी मेंढरं, एक मेंढपाळ. बाई, म्हणजे ज्यांना इथे कॅटेकिस्ट म्हणतात, अगदी हळू आवाजात ओवी वाचतात, की मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावाने हाक मारतो, मग मेंढपाळ पुढे सरकवतात आणि एकेक मेंढरू त्याच्या मागे. मग विचारतात, ही मेंढरं कोण असतील बरं. आणि गप्प बसतात. उत्तर देत नाहीत. मुलं म्हणतात खरी मेंढरं, कोणी म्हणतं पांढरी, आणि त्या हो का, एवढंच म्हणतात. महिने जातात, मूल ते परत परत खेळतं, आणि मग एखाद्या दिवशी कुठेतरी भलत्याच वेळी ते बोलून जातं. आमची आंघोळ करताना म्हणाली, मम्मा तो सगळ्यांची नावं सांगतो ना, मग माझं पण सांगतो. मला त्या क्षणी काय वाटलं ते लिहिता येणार नाही.

मोहरीच्या दाण्याची गोष्ट पण अशीच. डबीत दाणे असतात, आपल्या फोडणीच्या मोहरीपेक्षा कितीतरी बारीक, बोटाच्या टोकावर ठेवला तर दिसतोय का नाही इतका, आणि तो प्रत्येक मुलाच्या बोटावर ठेवतात. घरी आल्यावर हिने माझ्या मसाल्याच्या डब्यातली मोहरी बघून सांगितलं की ही फार मोठी आहे. भिंतीवर वर्षाचं लाकडी चक्र आहे, बावन्न आठवड्यांचे बावन्न छोटे ठोकळे गोलात, प्रत्येकाला त्या काळाचा रंग, आणि दर आठवड्याला काटा एक घर पुढे. वेळ म्हणजे काय हे चार वर्षांच्या मुलाला समजवायला ह्याहून चांगलं साधन मी पाहिलेलं नाही.

आणि काय शिकवत नाहीत तेही महत्त्वाचं. ह्या वयात पाप, नरक, शिक्षा हा विषय नाही. चांगलं वागलास तर देव खूश, वाईट वागलास तर देव रागावेल असं कोणी म्हणत नाही. नीतीच्या गोष्टी सहा वर्षांनंतरच्या टप्प्यात येतात, आधी फक्त हे की कोणीतरी तुला नावाने ओळखतो. लहानपणी देव बघतोय हं अशी भीती घालून वाढवलेल्या कोणालाही ह्याची किंमत कळेल.

मॉन्टेसरी म्हटलं की मला आमच्याच पालघर जिल्ह्यात बालशिक्षणाचं काम केलेल्या ताराबाई मोडक आठवतात. 1945 मध्ये बोर्डीला बालवाडी, मग सहकारी अनुताई वाघांबरोबर कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम, आणि महागड्या साहित्याच्या जागी शंख, शिंपले, बिया, काड्या. इथेही बरंचसं सामान हाताने केलेलं आहे, वेदी आणि मेंढरांचं कुंपण पॅरिशमधल्या एका रिटायर्ड काकांनी करवतीने कापून दिलंय, झगे एका आजीने शिवलेत. दुकानातून मागवता येतं पण करून द्या असाच आग्रह असतो, आणि मुलं ती वस्तू ज्या पद्धतीने धरतात त्यावरून फरक कळतो.

बाकी वर्षभर सण चालू असतात. 4 ऑक्टोबरला संत फ्रान्सिसचा दिवस म्हणून घरचे कुत्रे, मांजरं, एकाचं कासवसुद्धा, सगळ्यांना फादर पवित्र पाणी शिंपडून आशीर्वाद देतात. 6 डिसेंबरला संत निकोलसचा दिवस, वर्गाबाहेर बूट काढून ठेवायचे आणि आत चॉकलेट सापडतं. आगमनकाळात, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांत, चार मेणबत्त्यांचं हिरवं चक्र, तीन जांभळ्या एक गुलाबी, दर आठवड्याला एक जास्त. उपवासकाळात पुठ्ठ्याचा राइस बोल घरी येतो, त्यात चिल्लर टाकायची आणि त्यातली बरीचशी गरीब देशांतल्या लोकांसाठी जाते, 1975 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या ॲलनटाउनला हे सुरू झालं आणि आता देशभर चालतं. आमच्या घरी तो डबा जेवणाच्या टेबलावर असायचा आणि लेक पप्पाच्या खिशातली नाणी मागून घ्यायची.

आता हिंदू मैत्रिणींसाठी स्पष्ट लिहिते. हे धर्मशिक्षण आहे, नुसतं संस्कार-बिंस्कार म्हणून त्याच्याकडे बघू नका. मूल घरी येऊन जेवायच्या आधी क्रॉसची खूण करेल, मरियेचं गाणं म्हणेल, येशूबद्दल प्रश्न विचारेल. ते तुम्हाला आणि विशेषतः आजीआजोबांना चालणार असेल तरच घाला, नंतर टीचरवर चिडू नका. धर्मांतराची भीती असेल तर एक सांगते, चर्चच्या कायद्याप्रमाणे, जिवावरचा प्रसंग सोडला तर, लहान मुलाच्या बाप्तिस्म्याला आईवडिलांपैकी निदान एकाची संमती लागते, आणि प्रीस्कूलचा त्याच्याशी काही संबंध येत नाही. हिच्या वर्गात एक गुजराती आणि एक तेलुगू मुलगी होती, दिवाळीला दोघींच्या आया येऊन पणत्या रंगवून गेल्या आणि टीचरनेच त्यांना बोलावलं होतं.

तक्रारी. वेळ अर्ध्या दिवसाचा, दोघं नोकरीला असाल तर आफ्टरकेअर (शाळेनंतर मुलं सांभाळायची सोय) घ्यावंच लागतं आणि आमच्या इथलं आफ्टरकेअर मला अजिबात आवडलं नाही, सकाळी इतक्या शांतपणे काम करणारी पोरं दुपारी टीव्हीसमोर बसवलेली. मी बोलले, थोडे दिवस बंद झाला, परत सुरू. सुट्ट्या भरपूर, गुड फ्रायडेच्या आसपास जवळजवळ आठवडा जातो. फंडरेझर सतत, कँडी विका, रॅफलची तिकिटं विका. मूल टॉयलेट ट्रेन असलंच पाहिजे, ह्यावर चर्चाच नाही. शेंगदाणे पूर्ण बंद, त्यामुळे साबुदाण्याची खिचडी आणि चटणी डब्यात विसरा. आणि चौथ्या वर्षी मूल फाडफाड वाचायला हवं अशी अपेक्षा असेल तर ही जागा तुमची नाही, आमची अक्षरं ओळखून आणि नाव लिहून बाहेर पडली, वाचायला किंडरगार्टनमध्ये लागली आणि कुठे मागे पडली नाही.

एक गोष्ट मात्र नीट चौकशी करून घ्या, एट्रियम चालवणाऱ्या बाई कोण आहेत. पहिल्या टप्प्याचंच ट्रेनिंग साधारण 90 तासांचं असतं, ते केलेली आणि मुलांसमोर गप्प बसू शकणारी बाई असेल तरच ह्याला अर्थ आहे, नाहीतर तीच लाकडी मेंढरं घेऊन कोणी भाषण देत बसलं तर मुलं जांभया देतील. मधे एकदा आमच्या बाई आजारी होत्या तेव्हा नेमकं तेच झालं, लेक घरी येऊन म्हणाली आज काम नव्हतं, आज फक्त ऐकायचं होतं.

जानेवारीच्या शेवटच्या रविवारपासून कॅथलिक स्कूल्स वीक असतो, तेव्हा बहुतेक शाळांचं ओपन हाउस असतं आणि पुढच्या वर्षीची नावनोंदणीपण त्याच सुमाराला सुरू होते. पॅरिशमध्ये नाव नोंदवलेल्यांना फी कमी आणि नंबर आधी. तेव्हा जा, वर्ग बघा, आफ्टरकेअरची खोली दुपारी तीननंतर बघा, आणि एट्रियमला कुलूप असेल तर उघडून दाखवा म्हणून सांगा.