चकतीवरचा ७५ म्हणजे साल नव्हे: 'जुन्या' पु-अर चहाची फसवणूक

कँटन फेअर या व्यापारमेळ्यासाठी चीनमधल्या ग्वांगझौला (जुनं नाव कँटन) गेलेले आपले व्यापारी काम उरकलं की फांगछुनच्या चहाबाजारात डोकावतात. 'पन्नास वर्षं मुरलेला' पु-अर गळ्यात पडतो तो इथेच.

पु-अर हा चीनच्या युन्नान प्रांतातला मोठ्या पानांचा चहा. वाफवून दाबून त्याच्या ३५७ ग्रॅमच्या चकत्या करतात आणि सात चकत्या मिळून बांबूच्या सालीत बांधतात. कच्चा पु-अर, म्हणजे शंग, नवा असताना कडू-तुरट लागतो. नीट ठेवला तर चिंचेसारखा वर्षानुवर्षं मुरतो आणि भाव खातो. चीनमध्ये असा चहा मानाची भेट म्हणून देतात. २००७ मध्ये या चहाचे भाव भडकले आणि त्याच वर्षी कोसळलेही, तरी जुनेपणाची हाव काही गेली नाही.

पहिला सापळा आकड्यांचा. वेष्टनावर ७५४२ लिहिलेलं असतं आणि दुकानदार ७५ वर बोट ठेवून '१९७५ चा माल' म्हणतो. ७५ हे त्या मिश्रणाची कृती ठरली ते साल, ४ ही पानाची प्रत आणि २ म्हणजे युन्नानमधल्या मेंगहायचा कारखाना. याच आकड्याचा चहा पुढेही वर्षानुवर्षं निघत आला आहे.

दुसरा सापळा झटपट मुरवलेल्या चहाचा, म्हणजे शू. ओल्या पानांचा ढीग लावून, वरखाली करत, दीड-दोन महिन्यांत ती आंबवतात. पद्धत रीतसर आहे, चहाही वाईट नसतो. पण गडद रंगामुळे तो जुना शंग म्हणून खपतो. युन्नानमध्ये ही पद्धत १९७३ मध्ये कुनमिंगच्या कारखान्यात बसली. तेव्हा युन्नानचा शिक्का, साल १९६२ आणि आत शू, असं दिसलं की उठायचं.

तिसरा प्रकार दमट गोदामाचा. चार-पाच वर्षांचा शंग ओलसर जागी कोंडला की तो म्हातारा दिसू लागतो. मग कोंदट वास येतो, पांढरी-पिवळी बुरशी धरते, प्यायल्यावर घसा खवखवतो. 'ही तर सोनेरी फुलं, शुभ असतात' हे ऐकून घेऊ नका. ती फुलं म्हणजे एक पिवळी बुरशी; हुनान प्रांतातल्या 'फू वीट' या विटेसारख्या दाबलेल्या चहात ती मुद्दाम वाढवतात. पु-अरवरच्या पिवळ्या डागांना ते नाव लावणं ही दुकानदारी झाली.

खरी मेख मात्र पाहुणचारात आहे. दुकानदार बसवतो, एकामागून एक पेले भरतो. चव घेणं फुकट असतं आणि त्यात कसलंही बंधन नसतं. कँटनी रिवाजाप्रमाणे दोन बोटं टेबलावर टेकवून आभार मानले की झालं. पण आपण भिडेला पडतो. पाजतो तो खरा जुना चहा, बांधून देतो ती दुसरीच चकती, आणि 'हीच फोडा' म्हणायला जीभ रेटत नाही. भीड भिकेची बहीण ती अशी.

म्हणून जी घ्यायची तीच चकती फोडायला लावा, आणि तुकडा आतून काढायला सांगा. वरच्या थरावर चांगली पानं पसरून आत चुरा भरलेला असतो. १०० मिलीच्या झाकणाच्या कपात ७ ग्रॅम, पाणी उकळतं. पहिलं पाणी लगेच ओतून टाका. मग त्याच पानांवर पुन्हा पुन्हा पाणी ओतून, थोडा थोडा वेळ ठेवून, आठ-दहा वेळा चहा काढा. मुरलेल्या शंगचा रंग लालसर आणि नितळ येतो, शूचा काळपट लाल आणि दाट. शेवटी पानं ताटलीत पसरा. जुन्या शंगची तपकिरी पानं मऊ असतात, उलगडतात; शूची काळी, ताठ, किंवा बोटात चिवडली जाणारी. दुकानदार पानं दाखवायला कुरकुरला तर काय ते ओळखा.

फोडलेल्या चकतीचे आणि ओल्या पानांचे फोटो तिथेच काढा. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात खऱ्या चकतीलाही बुरशी धरते, आणि ऑगस्टमध्ये तक्रार केलीत की 'तुम्हीच नीट ठेवली नाही' हे उत्तर त्याच्याकडे तयार असतं.