जपान की जॉर्जिया? रग्बीत वर येण्याच्या दोन वाटा

१९९५च्या विश्वचषकात न्यूझीलंडने जपानला १४५-१७ असं धुतलं होतं. वीस वर्षांनी ब्रायटनला त्याच जपानने दक्षिण आफ्रिकेला ३४-३२ हरवलं. शेवटच्या क्षणी पेनल्टी मिळाली होती. किक मारून बरोबरी साधता आली असती. त्यांनी स्क्रम (दोन्ही संघांचे तगडे गडी एकमेकांना भिडून रेटतात तो डाव) मागितला आणि ट्राय करूनच, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे टेकवूनच थांबले! यामागे कंपन्यांच्या संघांचा पैसा, परदेशी प्रशिक्षक आणि जपानसाठी पात्र ठरलेले परदेशात जन्मलेले खेळाडू होते. २०१९ला तर घरच्या मैदानावर उपांत्यपूर्व फेरी.

जॉर्जियाकडे एवढा पैसा कुठला? पण रेटारेटी रक्तात. तिथल्या शुखुती गावात ईस्टरला लेलो खेळतात: मातीने भरलेला सुमारे १६ किलोचा चेंडू, अख्खं गाव त्यावर तुटून पडतं आणि जिंकणारे तो आपल्या माणसाच्या थडग्यावर ठेवतात. असल्या मातीतले प्रॉप, म्हणजे स्क्रमच्या पहिल्या फळीतले दणकट गडी, फ्रेंच क्लब उचलून नेतात. २०२२ला त्यांनी इटली आणि वेल्स दोघांनाही हरवलं, तरी सिक्स नेशन्सचं, म्हणजे युरोपातल्या सहा बड्या संघांच्या वार्षिक स्पर्धेचं दार बंदच.

मला विचाराल तर जॉर्जियाची वाट जास्त खडतर, म्हणून जास्त आवडती. २०२४ला जपानमधल्या सेंदाईत जपान आणि जॉर्जिया भिडले तेव्हा जॉर्जियाच जिंकली, २५-२३.