इंजिन न उतरवता बदललेला कॅमशाफ्ट: अँबेसेडरचा आठ महिन्यांनंतरचा अनुभव

आमच्या घरी वडिलांनी १९८६ साली घेतलेली अँबेसेडर मार्क फोर आहे आणि नागपुरात ती आजही आठवड्यातून चार-पाच दिवस रस्त्यावर असते. तिच्या १४८९ सीसीच्या पेट्रोल इंजिनाचा कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, गेल्या ऑक्टोबरात, दसऱ्यानंतरच्या आठवड्यात, इंजिन गाडीतच ठेवून बदलून घेतला. त्यानंतर गाडी ६,२०० किलोमीटर चालली असून मे महिन्यातला ४५ अंशांचा उन्हाळाही तिने काढला आहे. काम झाल्या झाल्या सगळेच इंजिन गोड वाजते, म्हणून इतके दिवस मुद्दाम थांबून आता लिहीत आहे.

दुखणे टकटकीपासून सुरू झाले. टॅपेटचे अंतर, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांतली फट, जुळवून घेतले की आठ दिवस आवाज कमी व्हायचा आणि पुन्हा तीच टकटक ऐकू यायची. पुढे चढावर आणि उड्डाणपुलावर गाडी दम सोडू लागली आणि ॲक्सिलरेटर दाबताच कार्बोरेटरमधून फट्कन उलटा आवाज येऊ लागला. कार्बोरेटर दोनदा साफ झाला, पॉइंट आणि प्लग बदलले, तरी काही उपयोग झाला नाही. ज्या गॅरेजमध्ये गाडी नेहमी जात असे, तिथे कोणतेही माप न घेता इंजिन उतरवून पूर्ण काम करावे लागेल असे सांगण्यात आले. तो खर्च मला झेपणारा नव्हता, आणि गाडी धूर देत नसताना, ऑइल खात नसताना पिस्टन-रिंगांपर्यंत का जायचे, हे मला पटतही नव्हते.

दुसरे मत घेण्यासाठी सक्करदऱ्यातील एका वयस्कर मिस्त्रींकडे गेलो. ते घराच्या अंगणातच जुन्या गाड्यांची कामे करतात आणि त्यांना सगळे काका म्हणतात. त्यांनी आधी चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन मोजले; ते जवळपास सारखे निघाले. मग रॉकर कव्हर काढून एकेका व्हॉल्व्हच्या स्प्रिंगवरील टोपीवर डायल गेज (बारीक हालचाल मोजणारे काट्याचे माप) टेकवले आणि मला समोरून हँडल घालून इंजिन सावकाश फिरवायला सांगितले. सात व्हॉल्व्हांची मापे एकमेकांच्या आसपास आली. तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट मात्र सव्वादोन मिलिमीटर कमी उघडत होता, म्हणजे जळलेला वायू पूर्ण बाहेर पडत नव्हता आणि उरलेला इनटेक उघडताच कार्बोरेटरकडे उलटत होता. गेज पेटीत ठेवत काका म्हणाले, “कॅम घासला जी. त्यासाठी इंजिन काहून उतरवता? समोरूनच निघते.”

समोरून निघते, याचे कारण या इंजिनाच्या रचनेत आहे. इंजिन गाडीत उभे, म्हणजे मागे-पुढे बसवलेले असते आणि कॅमशाफ्ट ब्लॉकच्या पोटात असतो. त्यावरच्या उंचवट्यांना लोब म्हणतात; लोबवर टेकलेले टॅपेट, त्यांवरच्या पुशरॉड नावाच्या काड्या आणि रॉकर यांच्या मार्फत तो व्हॉल्व्ह उघडतो. रेडिएटर आणि समोरची जाळी काढली की शाफ्ट सरळ पुढे ओढून घेण्याइतकी जागा होते. प्रीमियर पद्मिनीचीही मांडणी साधारण अशीच आहे. मारुतीच्या गाड्यांत कॅमशाफ्ट हेडवरच असल्यामुळे तिथे इंजिन उतरवण्याचा प्रश्नच सहसा येत नाही.

सुटे भाग मिळवायला जवळजवळ महिना गेला. उत्तरपाड्याच्या कारखान्यात अँबेसेडर बनणे २०१४ मध्ये थांबले, त्यामुळे आता जुना साठा किंवा तुटक उत्पादन यांवरच भागवावे लागते. एका ऑनलाइन विक्रेत्याने नवा म्हणून पाठवलेला शाफ्ट हा घासून चमकवलेला जुना निघाला; उन्हात तिरका धरताच लोबवरचे बारीक खड्डे दिसले आणि तो परत करावा लागला. शेवटी कोलकात्याच्या मल्लिक बाजारातून शाफ्ट, आठ टॅपेट आणि टायमिंग चेन असा संच मागवला. टॅपेट जुनेच ठेवून पैसे वाचवण्याचा मोह मला झाला होता, पण काकांनी स्पष्ट नकार दिला. प्रत्येक टॅपेट आपल्या लोबशी घासून जुळलेला असतो. जुना टॅपेट नव्या लोबवर बसवला तर तो नवा लोबही थोड्याच दिवसांत खातो.

काम तीन दिवस चालले. या इंजिनात रॉकर शाफ्टच्या आठ नटांपैकी चार नट हेडही धरून ठेवतात, त्यामुळे पाणी काढून हेडचे सगळे नट थोडेथोडे, क्रमाने सैल करावे लागतात, नाहीतर हेड वाकून पाणी सिलिंडरमध्ये उतरू शकते. ते सैल करायचेच होते, म्हणून हेड उचलून गॅस्केटही नवे टाकले. पुशरॉड एका पुठ्ठ्याला भोके पाडून त्यात क्रमवार खोचून ठेवले. मॅनिफोल्ड (हेडला जोडलेले हवेचे आणि धुराचे नळ) काढल्यावर त्यामागची दोन झाकणे उघडून टॅपेट बाहेर घेतले. डिस्ट्रिब्युटर निघाला, आणि त्याला फिरवणारा दांडा त्याच्या तोंडाच्या आट्यांत लांब बोल्ट फिरवून वर ओढला. ऑइल पंपही कॅमशाफ्टच्याच दात्यांवर चालतो, त्यामुळे चेंबर (इंजिनाखालचे ऑइलचे भांडे) उतरवून तो काढणे भाग होते. चेंबरच्या तळाशी राखाडी लगदा साचला होता, आणि तो बोटांत चोळला की चमकत होता. फक्त समोरून शाफ्ट बदलून मोकळे झालो असतो, तर ती लोखंडाची भुकटी नव्या शाफ्टच्या ऑइलमध्येच फिरत राहिली असती.

शाफ्ट बाहेर काढताना काकांनी त्याचे स्प्रॉकेट (चेनचे दातेरी चाक) हलकेच परत बसवले आणि तेच मुठीसारखे धरले. त्यांचा दुसरा हात टॅपेटच्या झाकणातून आत होता आणि शाफ्टला खालून आधार देत होता. लोबची कड बेअरिंगच्या मऊ धातूवर घासली तर ओरखडा कायमचा राहतो, म्हणून दीड फुटाचा तो दांडा बाहेर यायला पाव तास लागला. तिसऱ्या एक्झॉस्टचा लोब शेजारच्या लोबांपुढे बसका आणि गोल दिसत होता. त्याच्या टॅपेटचा तळ नुकतीच टाकी लावलेल्या जात्यासारखा खड्ड्या-खड्ड्यांचा झाला होता. आवाज जिथून येत होता ती जागा हातात धरून पाहिल्यावर, वर्षभर आपण केवळ टॅपेटचे अंतर जुळवत राहिलो याचे मला फार वाईट वाटले.

नव्या शाफ्टच्या लोबांना आणि टॅपेटच्या तळांना मॉलिब्डेनमचे काळे ग्रीस भरपूर लावले. स्प्रॉकेटांवरच्या खुणा समोरासमोर आणून चेन चढवली आणि पुढचे कव्हर बसवताना त्याचे बोल्ट सैल ठेवून आधी पुली आत सरकवली, म्हणजे ऑइल सील मधोमध बसते.

पहिली वीस मिनिटे सगळ्यात महत्त्वाची होती. लोबवर ऑइल मुख्यतः क्रँकशाफ्टच्या फिरण्याने उडून पडते. आयडलिंगला ते कमी उडते आणि नवा लोब त्याच वेळी कोरडा घासला जाण्याची भीती असते. म्हणून प्लग काढून सेल्फवर उगाच इंजिन फिरवत बसायचे नाही, कार्बोरेटरची वाटी आधीच पेट्रोलने भरायची, टायमिंग अंदाजे नव्हे तर नीट लावायचे आणि इंजिन सुरू होताच ते मिनिटाला २,००० फेऱ्यांच्या आसपास वीस मिनिटे, थोडे वर-खाली करत, चालू ठेवायचे, असे ठरवले होते. तसेच केले. अंगणात रेडिएटरपुढे पंखा लावला होता, मी तापमानाच्या काट्याकडे पाहत होतो आणि काका कान देऊन उभे होते. वीस मिनिटांत त्यांनी एकदाही इंजिन खाली येऊ दिले नाही. ऑइल गरम असतानाच काढले आणि २०डब्ल्यू-५० ग्रेडचे नवे भरले. हे ऑइल निवडताना त्यात जस्त आणि फॉस्फरसचे प्रमाण चांगले आहे का, ते पाहावे. नव्या गाड्यांच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसाठी ते कमी केले जाते, पण अशा सपाट टॅपेटांना त्याच थराचे संरक्षण असते.

त्यानंतरच्या नोंदी मी वहीत ठेवल्या आहेत. लोब झिजत असेल तर टॅपेटचे अंतर वाढत जाते, त्यामुळे तीच खरी परीक्षा होती. ५०० किलोमीटरला दोन व्हॉल्व्हांचे अंतर किंचित बदललेले होते. २,००० आणि ५,००० किलोमीटरला आठही जागच्या जागी होते. ६,००० ला पुन्हा डायल गेज लावले, तेव्हा तिसरा एक्झॉस्ट बाकीच्यांच्या बरोबरीने उघडत होता. शहरात लिटरमागे आठ किलोमीटरच्या आत असलेली सरासरी आता साडेनऊच्या जवळ आहे. वर्धा रोडवरचा उड्डाणपूल ती चौथ्या गिअरमध्ये चढते, आणि एप्रिलमध्ये छिंदवाड्याला जाताना सौंसरच्या पुढचा घाट भरल्या गाडीने एकदाही न फुरफुरता पार केला.

तक्रारीही आहेत. दोन महिन्यांनी मॅनिफोल्डखालून ऑइल ओघळू लागले. टॅपेटचे प्रत्येक झाकण मधल्या एकाच बोल्टवर बसते आणि तो जास्त आवळला गेल्यामुळे पत्रा वाकून कॉर्कचे गॅस्केट एका बाजूने सुटले होते. छोट्याशा कामासाठी मॅनिफोल्ड पुन्हा काढावा लागला आणि अर्धा दिवस गेला. ही झाकणे सपाट लाकडावर ठोकून सरळ करूनच बसवावीत, असे आता मी प्रत्येकाला सांगतो.

इंजिन जागेवर ठेवल्यामुळे एक गोष्ट राहून गेली, ती म्हणजे कॅमशाफ्टची तीन बेअरिंगे. आम्ही ती टॉर्चने पाहिली, ओरखडे नव्हते आणि नवा शाफ्ट त्यांत डुगडुगत नव्हता, म्हणून जुनीच ठेवली. मे महिन्याच्या दुपारी सीताबर्डीच्या गर्दीत तासभर रांगल्यावर ऑइल प्रेशरचा काटा आयडलिंगला १५ ते १८ पौंडांवर येतो; रस्त्यावर तो ४५ ते ५० दाखवतो. कामापूर्वीही तो इतकाच होता, त्यामुळे मी निश्चिंत आहे. पण ज्यांचा काटा आधीच खाली झुकत असेल किंवा गाडी निळा धूर देत असेल, त्यांनी या मार्गाने पैसे घालू नयेत. बेअरिंगे बसवून मापात करायची तर इंजिन बाहेर काढणेच योग्य आहे.

चेंबरच्या पुढच्या सीलमधून अजूनही रात्रभरात रुपयाएवढा डाग पडतो. क्लचचे काम पुढच्या हिवाळ्यात निघणार आहे, तेव्हा चेंबरही पुन्हा उतरवू; तोपर्यंत गाडीखाली पुठ्ठा टाकलेला आहे आणि दर रविवारी मी ऑइलची पट्टी काढून पाहतो.